‘तुमच्या चित्रातली मुलं अशी का?’ तुम्ही विचारलंत म्हणून

शाळेत चित्रांची कार्यशाळा संपली की चहाच्या वेळी कुणीतरी माझं एखादं पुस्तक चाळत जवळ येतं आणि आवाज थोडा खाली आणून विचारतं, "ताई, तुमच्या चित्रातली मुलं एवढी काळी का हो? आणि एखादा कुबडीवाला, एखादी बुरख्यातली आजी, हे सगळे मुद्दाम घालता का?" पालक विचारतात, शिक्षक विचारतात, प्रकाशकही विचारतात. चहाचा कप हातात धरून याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

हो, मुद्दाम घालते. हात मोकळा सोडला तर तो काय काढतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. गोरी मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, आई ओट्याशी, बाबा खुर्चीत पेपर वाचताना. माझ्या स्वतःच्या घरीसुद्धा असं नव्हतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तिची रात्रपाळी असली की कुकर वडील लावायचे. तरी पहिली काही वर्षं मी ओट्याशी आईच काढत राहिले, कारण पाहिलेली सगळी चित्रं तशीच होती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही भाजी निवडायला बसलेले दिसले, तेव्हा मला फार बरं वाटलं.

रंगाचं मूळ आणखी जुनं आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर पोचल्या. त्या उजळ होत्या, पुढची कॅलेंडरंही त्याच वळणाने गेली आणि सुंदर म्हणजे उजळ हे डोळ्यांत पक्कं बसलं. पंढरपूरचा विठोबा काळा. त्याला आपण मायेने सावळा म्हणतो आणि घरातल्या मुलीबद्दल मात्र "रंगाने जरा कमी आहे" म्हणतो. हे वाक्य ऐकत मोठी झालेली माझी आत्या मला अजून आठवते. फोटो काढायची वेळ आली की ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहायची.

अमेरिकेत क्रेयोलाने ‘फ्लेश’ म्हणजे अंगाचा रंग हे खडूचं नाव १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ केलं. आपल्या वर्गांत आजही मुलं एकमेकांकडे "स्किन कलर दे ना" म्हणून फिकट गुलाबी पेन्सिल मागतात. तिसरीतल्या एका मुलीने ती पेन्सिल आपल्या मनगटाशेजारी धरून पाहिली, परत डबीत ठेवली आणि चित्रातल्या स्वतःचा चेहरा कोराच ठेवला. त्या दिवशी घरी येऊन मी रंगांची पट्टी करायला घेतली.

सावळा रंग तपकिरीत पांढरा ढकलून होत नाही, राखाडी चुन्यासारखा दिसतो. मी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकरपासून सुरू करते, सावलीला अल्ट्रामरीन घालते. उजेड जिथे पडतो तिथे रंग पातळ ठेवून खालचा कागद दिसू देते. बाहेर उघड्यावर उभ्या असलेल्या सावळ्या माणसाच्या कपाळावर आकाशाचा निळसरपणा उतरतो, बघा कधी. तळहात-तळपाय फिके असतात, कोपर आणि गुडघे गडद. माझ्या पट्टीवर फिक्याकडून गडदाकडे जाणारे अकरा चौकोन आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे: आत्या, भाजीवाल्या मावशी, धाकटा, धाकटा मे महिन्यात...

"गडद चेहरा छपाईत भरून जातो," ही प्रकाशकांची तक्रार खोटी नाही. मॅपलिथो कागद शाई पितो, ठिपके पसरतात, डोळे-नाक बुजतात. पण त्यावर उपाय आहेत. चेहऱ्यातली काळी आणि निळी शाई कमी करायची, मागची भिंत फिकी ठेवायची, भुवया आणि ओठांची रेघ ठळक करायची. एवढ्यासाठी पोराला गोरं करायची गरज नाही.

रंग सुधारला म्हणजे काम झालं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग एका शाळेत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा भेटला. तो स्वतः कुबड्या घेऊन चालायचा. माझं पान बघून म्हणाला, "ह्याच्या काखेत दुखेल." आणि उभं राहून त्याने मला दाखवलं. काख आणि कुबडीची गादी यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी जागा राहते, सगळा भार मुठीवर असतो. माझ्या चित्रातला मुलगा कुबडीवर काखेने लटकला होता. मी पेन्सिलने खूण करत होते, तोवर त्याचा पुढचा प्रश्न आला. "हा नुसता बघत का उभाय?"

चित्रात बाकीची मुलं क्रिकेट खेळत होती आणि हा मैदानाच्या कडेला हसत उभा होता.

"तू काय करतोस?"

"बॉलिंग. बॅटिंगला रनर घेतो."

घरी जाऊन मी माझी जुनी पुस्तकं काढून बसले. अपंग मूल प्रत्येक वेळी कडेला, आणि प्रत्येक वेळी हसरं. हिजाबातली मुलगी फक्त ईदच्या पानावर, शीरखुर्म्याच्या वाटीसकट. वारली पाड्यावरची मुलं फक्त तारप्याभोवती फेर धरताना. ‘विविधतेत एकता’च्या तक्त्यावर जसे सगळे आपापला पोशाख घालून ओळीत उभे असतात, तसे मी सगळे उभे केले होते. कुणाला काही काम दिलं नव्हतं. पाड्यावरच्या मुलीचाही गृहपाठ राहतो, हिजाबातली मुलगीही कैऱ्या पाडते, आणि ती पानं मी काढलीच नव्हती.

चित्रकारांच्या डोळ्यांत अपंगत्व म्हटलं की अजून पोलिओचा पाय येतो. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आजच्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल असेल, कानामागे श्रवणयंत्र लावलेलं असेल. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यातले कितीतरी नुसतं बघून कळतच नाहीत. स्वमग्न मूल कसं काढायचं? गोंगाट वाढला की ते कानांवर हात ठेवतं, बाकाखाली जाऊन बसतं, आणि शेजारचा मित्र त्याचा डबा खाली सरकवतो. हे मी काढू शकते, पण त्यासाठी लेखकाने गोष्टीत तेवढी जागा सोडलेली असावी लागते. म्हणून मी हल्ली संहिता हातात आली की आधी लेखकाबरोबर बसते.

प्रत्येक पानावर सगळे हवेत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. गोष्ट वीटभट्टीवरची असेल तर मी भट्टीवर जाते आणि तिथे जे लोक राहतात तेच काढते. मोजदाद करून माणसं भरली की चित्र खोटं पडतं, मुलांना ते लगेच कळतं.

क्रिकेटचं ते पान मी पुन्हा काढलं. आता तो बॉलिंग करतोय. एक कुबडी गवतात पडली आहे, दुसरीवर डाव्या मुठीने भार घेतलाय, उजव्या हातातून चेंडू सुटलाय, आणि काखेत दोन बोटांची जागा आहे. उद्या छापखान्यात प्रूफ बघायला जायचं आहे. रंगांची पट्टी आत्ताच पिशवीत टाकली. त्याच्या चेहऱ्याला मी आठवा चौकोन धरला आहे. कागदावर तो पाचव्यासारखा उतरला, तर मशीन थांबवायला सांगणार आहे.