दहा सिटिंगचं कार्ड आणि माझा उजवा गुडघा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं आणि त्या हौसेत आठवड्याचं पळणं १८ किलोमीटरवरून एकदम ३२ वर नेलं. पंधरवड्यात उजवा गुडघा कुरकुरायला लागला. जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र वाटीच्या मागे ठणका. पाऊण तास खुर्चीत बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडतच.

ऑर्थोकडचं काम पाच मिनिटांत झालं. एक्स-रेमध्ये गॅप चांगली, सूज नाही, गुडघा अडकत नाही. "पटेलोफेमोरल पेन आहे, म्हणजे वाटीच्या मागचं दुखणं. 'रनर्स नी', पळणाऱ्यांचा गुडघा म्हणतात. एमआरआयची गरज नाही, फिजिओ करा." इथवर सगळं सुरळीत.

मग घराजवळचं फिजिओ सेंटर. तिथल्या मुलीनं कुठं दुखतंय हे विचारायच्या आधीच कार्ड पुढं केलं. दहा सिटिंगचे ४५०० रुपये, आगाऊ. सुटं घेतलं तर दरवेळी ५५०. बँकेत काम करणारी बाई मी, हिशेब चटकन केला आणि फसले.

माझी वेळ सव्वासहाची. बँकेतून निघून, रिक्षाला जादा पैसे देऊन पोचायचं, तर बाकावर आधीच चौघं. खाटा चार, करंटची मशीनं दोन, त्यातल्या एकाची पिन सैल म्हणून सॉकेटमध्ये कागदाची घडी खुपसलेली. सात वाजता नंबर लागायचा. ओल्या स्पंजवर रबरी पॅड, वरून वेल्क्रोचा पट्टा, मग मुंग्या. "वाढवू का मॅडम?" "वाढवा." पंधरा मिनिटं छताचा पंखा बघायचा. मग गार जेल आणि अल्ट्रासाउंडचा दांडा गोल गोल फिरवणं. त्या मुलाचा दुसरा हात मोबाइलवर. कार्डावरच्या एका चौकोनात सही, आणि घरी. ह्यात माझा पाय कुणी हलवूनसुद्धा बघितला नाही. पळताना कसं पाऊल पडतं, बूट किती जुने, किती पळता, काही नाही.

चौथ्या दिवशी विचारलं, व्यायाम कधी? "आधी दुखणं उतरू दे." सहाव्या दिवशी दुखणं उतरलेलं होतंच, कारण पळणं मी बंद ठेवलं होतं! त्या आनंदात दोन किलोमीटर पळून आले आणि दुसऱ्या दिवशी जिना पुन्हा कठडा धरून.

उरलेल्या चार सिटिंगचे पैसे मागितले. "परत मिळत नाहीत मॅडम, पण कार्ड ट्रान्सफर होतं. घरात कुणाला मानदुखी आहे का?"

नंतर शोधलं तर कळलं, २०१८ साली या दुखण्यावरच्या तज्ज्ञांनी एकमतानं निवेदन काढलंय: खुबा आणि गुडघा दोन्हीचे व्यायाम करा, विजेची आणि अल्ट्रासाउंडची यंत्रं वापरण्याची शिफारस नाही. म्हणजे मी ज्याच्यासाठी बाकावर ताटकळत होते, तेच नको होतं. (पावती घेताना फिजिओचा ओटी-पीटी कौन्सिलचा (फिजिओंची नोंदणी करणारी राज्याची परिषद) नोंदणी क्रमांक बघून घ्या. माझ्या पावतीवर तो नव्हताच. विम्यानं तर दारातूनच परत पाठवलं: ॲडमिट न होता घेतलेले उपचार पॉलिसीत बसत नाहीत.)

दुसरी फिजिओ मैत्रिणीनं सुचवली, पंचविशीतली मुलगी. "काकू, या पायरीवरून एका पायानं हळू उतरा बघू." काकू ऐकून टोचलं, पण समोर आरसा होता आणि त्यात माझा उजवा गुडघा दर वेळी आत, डाव्या पायाकडे, कलंडत होता. कमरेची डावी बाजू खाली. तिनं कुशीवर झोपवून वरचा पाय उचलायला लावला, आठव्याला थरथर. "गुडघा ओरडतोय, पण कामचुकार खुब्याचा स्नायू आहे."

मग घरचा अभ्यास: कुशीवर पाय उचलणं, ब्रिज (उताणं झोपून कंबर उचलणं), घोट्यांना रबरी पट्टा बांधून आडवं चालणं, पायरी उतरणं. एक दिवसाआड, पंचवीस मिनिटं. भयंकर कंटाळवाणं. तीन आठवडे फरक शून्य, सहाव्यात जिना विसरले. पळणं तिनं बंद केलं नाही, फक्त कमी केलं: दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी पूर्ववत व्हायला हवं. शिवाय पावलं छोटी. मिनिटाला १५८ पडायची, ती १६८ केली. वाटीवरचा भार त्यानं कमी होतो. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं ॲप, लावून पळताना लोक वळून बघतात, बघू देत.

तिच्याकडे एकूण पाच वेळा गेले. दर वेळी तेव्हाचे पैसे तेव्हा.

साताऱ्याला पोचले. शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट चढताना गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. भीती परतीच्या उताराची होती, कारण वाटीवर खरा ताण तिथंच येतो. म्हणून सांगते, घाटाची शर्यत असेल तर उतार पळायचा सरावही आधी थोडा थोडा करा. मी तो केला नव्हता. शेवटचे तीन किलोमीटर चालत-पळत काढले.