फॉन्ट उडाले, अंक वाचला

मी घरून मुद्रितशोधन करते. जुलै ते सप्टेंबर म्हणजे दिवाळी अंकांची धांदल. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होता आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नव्हतं, म्हणून मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकून दिली. निघताना दारातून म्हणाला, "मावशी, टाइमशिफ्ट तेवढं सुरू कर. मेनूमध्येच आहे."

टाइमशिफ्ट म्हणजे सिस्टिमची नक्कल, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवणारा आणि काही बिघडलं तर सिस्टिम पूर्वीसारखी करणारा प्रोग्राम. ते सुरू करायला मला जुलै उजाडला.

टाइमशिफ्ट उघडल्यावर पहिलाच प्रश्न आला: आरसिंक की बीटीआरएफएस? नक्कल घेण्याच्या या दोन पद्धती. दुसऱ्यासाठी डिस्कच त्या पद्धतीने बांधलेली लागते, माझी साधी एक्स्ट फोर, म्हणजे लिनक्सची नेहमीची बांधणी. म्हणून आरसिंक. मग स्नॅपशॉट ठेवायचे कुठे? लॅपटॉपच्याच डिस्कवर ठेवले तर डिस्क गेली की तेही गेले, म्हणून मी बाहेरची ५०० जीबीची हार्ड डिस्क जोडली. ती काही निवडता येईना. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्क चालत नाहीत. (मुद्रितशोधन करणारी बाई, आणि बारीक अक्षरं सगळ्यात शेवटी वाचली.) फाइल कोणाच्या मालकीची, ती कोणी बदलायची, हा लिनक्सचा हिशेब तिथे नीट टिकत नाही. सगळे फोटो दुसरीकडे हलवले, डिस्कचे दोन भाग केले आणि १०० जीबीचा एक भाग एक्स्ट फोर करून टाइमशिफ्टला दिला.

पहिल्या स्नॅपशॉटला पंचवीस मिनिटं लागली, जागा १६ जीबी. हे असे दहा झाले तर डिस्क भरणार, या विचाराने पोटात गोळा आला. दुसरा मात्र दोन मिनिटांत उरकला. जी फाइल बदललेली नाही ती पुन्हा उतरवून घेत नाहीत, जुन्याच फाइलला आणखी एक नाव देतात. एकाच खोलीला दोन दारं असावीत तसं. एक दार बुजवलं तरी खोली राहते, शेवटचं बुजलं की जाते. म्हणून जुने स्नॅपशॉट बेलाशक पुसता येतात.

वेळापत्रकात मी रोजचे शेवटचे तीन आणि आठवड्याचे शेवटचे दोन जपायचे असं ठेवलं. पण माझी डिस्क कपाटात असते. तिथे कुठलं आलंय 'रोज'? रविवारी दुपारी जोडते. तासाभरात राहून गेलेला स्नॅपशॉट ते आपण होऊन घेतं.

एक गोष्ट मला खटकली होती. होम फोल्डर, म्हणजे माझं सगळं काम, स्नॅपशॉटमध्ये धरलेलंच नव्हतं. भाच्याला फोन केला. "ते मुद्दाम तसं आहे. कामाची कॉपी वेगळी ठेव, पेनड्राइव्हवर," एवढंच म्हणाला. घाईत होता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला गुरुवार. लिब्रेऑफिसच्या फॉन्टच्या यादीत जगातल्या कुठकुठल्या लिप्यांचे फॉन्ट, त्यातून आपला शोधताना बोट दुखायचं. म्हटलं, साफसफाई करू. फॉन्टचं फोल्डर रूट म्हणून, म्हणजे सिस्टिमच्या मालकाच्या अधिकारात, उघडलं. वर लाल पट्टी आली. ती लाल का आहे, याचा विचार न करता नको ते निवडलं आणि शिफ्ट धरून डिलीट केलं. निवडताना एक पायरी वरचं फोल्डर निवडलं गेलं होतं. सिस्टिमचे यच्चयावत फॉन्ट गेले.

रीस्टार्ट केल्यावर लॉगिनच्या पडद्यावर नुसते चौकोन. अंदाजाने पासवर्ड टाकला. आत तर त्याहून मजा. माझ्या होम फोल्डरमध्ये युनिकोडच्या आधीच्या काळातला एक मराठी फॉन्ट होता, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. दुसरा फॉन्टच नसल्यामुळे सगळे मेनू त्यात दिसू लागले. कुठे अर्धा श, कुठे नुसती वेलांटी, कुठे तीन रफार ओळीने. आयुष्यभर शुद्धलेखन तपासलं त्याची ही फेड! टाइमशिफ्टची खिडकी उघडली, पण कुठलं बटण कशाचं ते कळेना.

पुन्हा भाचा. "कंट्रोल, ऑल्ट आणि एफ टू दाब." काळा पडदा आला आणि त्यावर चक्क वाचता येणारी अक्षरं. ती त्या पडद्याची स्वतःची असतात, फॉन्टच्या फोल्डरमधली नाहीत. मग तो सांगत गेला, मी टाइप करत गेले: सुडो, जागा, टाइमशिफ्ट, जागा, दोन डॅश, त्याला चिकटून रिस्टोअर. त्याआधी तिथे लॉगिन करताना पासवर्डचा एकही ठिपका उमटत नाही, त्यामुळे मी तो दोनदा चुकवला. कपाटातली डिस्क आधीच काढून जोडली होती. क्रमांकासकट यादी आली, रविवारचा निवडला. ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) पुन्हा बसवायचा का, वगैरे प्रश्नांना तो म्हणेल ते उत्तर दिलं. ओळी धावत राहिल्या. मी चहा ठेवला, तो ऊतू गेला. लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला आणि लॉगिनच्या पडद्यावर माझं नाव पूर्वीसारखं आलं.

सकाळी तपासलेली कथा उघडली. शेवटच्या दुरुस्तीसकट जागच्या जागी. होम फोल्डर बाहेर का ठेवतात ते तेव्हा उमगलं. ते आत असतं तर ही कथासुद्धा रविवारी होती तशी झाली असती, आणि चार दिवसांचं काम पाण्यात. मंगळवारी बसवलेला प्रिंटर मात्र गेला, तो परत बसवावा लागला.

"मावशी, फॉन्टचं पॅकेज काढायचं असतं, फोल्डर नाही," भाचा म्हणाला. दिवाळी झाल्यावर बघू. फॉन्टची यादी अजून तेवढीच लांब आहे आणि बोट तेवढंच दुखतं.