नगर रोड लाल आणि गाडीत सहा क्यूब माल

पुण्याजवळ वाघोलीच्या पट्ट्यात खाणी, क्रशर आणि आरएमसी प्लांट एकमेकांना खेटून आहेत, त्यातल्याच एका प्लांटवर मी डिस्पॅच बघते. आरएमसी म्हणजे रेडी मिक्स काँक्रीट. मागे गोल फिरणारा ड्रम घेऊन जाणारे ट्रक बघितलेच असतील तुम्ही, आम्ही त्यांना टीएम म्हणतो, ट्रान्झिट मिक्सर. कुठली गाडी कधी भरायची, कुठल्या रस्त्याने पाठवायची, दोन गाड्यांत किती अंतर ठेवायचं आणि साइटवरून फोन आला की काय सांगायचं, हे सगळं माझ्या टेबलावर असतं.

माझ्यासमोर दोन स्क्रीन. एकावर आमच्या गाड्यांचं जीपीएस, दुसऱ्यावर गूगल मॅप्सचं ट्रॅफिक. शिवाय हातात मोबाइल, त्यातही मॅप्स उघडंच, कारण यार्डात गेले तरी ते बघणं काही सुटत नाही. लोक ऑफिसला निघताना एकदा बघतात आणि फोन खिशात टाकतात, मला ते दिवसभर बघावं लागतं, कारण माझ्या गाडीतला सहा क्यूब, म्हणजे सहा घनमीटर, माल वाट बघत नाही. सिमेंटला पाणी लागलं की घड्याळ सुरू. आयएस 4926 या आरएमसीच्या भारतीय मानकात लोडिंगपासून दोन तासांच्या आत गाडी खाली व्हायला हवी असं दिलंय, त्याहून जास्त वेळ धरायचा असेल तर रिटार्डर, म्हणजे माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून टाकायचं रसायन, घालून आधीच तसं मिक्स ठरवावं लागतं, गाडी अडकल्यावर आठवून उपयोग नसतो. म्हणून गाडीसोबत जाणाऱ्या प्रत्येक चलनावर बॅचिंगची, म्हणजे माल मिसळल्याची, वेळ छापलेली असते आणि साइटवरचा इंजिनिअर गाडी आली की सगळ्यात आधी तीच बघतो.

हा किस्सा मे महिन्यातला. खराडीत ईऑन आयटी पार्कच्या बाजूला एका बिल्डिंगचा स्लॅब होता, एम 30 ग्रेडचं काँक्रीट, सकाळीच पंप लावलेला. पंप नीट चालला तर दर पंधरा मिनिटांनी एक गाडी त्याच्या तोंडाशी लागलीच पाहिजे, नाहीतर टाकलेला माल सेट होत जातो आणि त्याच्यावर नवा माल पडला की दोघं एकजीव होत नाहीत. त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात. वरून प्लास्टर केलं की दिसत पण नाही, पण पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपायला लागतं आणि त्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला कधीच कळत नाही की आपल्या छताला ही रेघ का उमटली. मला हे फार लागतं. कुणीतरी वीस वर्षांचं कर्ज काढून ते घर घेतलेलं असतं.

दुपारपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. तीनच्या सुमारास खराडी बायपास चौकाजवळ नगर रोडवर एक लाल तुकडा दिसला. छोटासाच. तिथे लाल असणं काही नवीन नाही, पण दुपारी तीनला नसतं, आणि हा साधा लाल नव्हता, काळपट लाल होता. मॅप्समधला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, साधा लाल म्हणजे गाड्या सरकतायत, काळपट झाला म्हणजे जवळजवळ उभ्याच आहेत. पाच मिनिटांनी बघितलं तर तो तुकडा वाघोलीच्या दिशेने लांबलेला, अजून थोड्या वेळाने उबाळेनगरच्या आसपास. माझ्या तीन भरलेल्या गाड्या तेव्हा त्याच रांगेत घुसलेल्या होत्या.

पहिल्या गाडीवर बीडचे मामा होते, त्यांना फोन लावला. "ताई, इथं काय हलंना. पुढं कंटेनर बंद पडलाय म्हणतेत, दोन लेन गेल्या." झालं. चौथी गाडी प्लांटच्या खाली भरायला उभी होती, बॅचर, म्हणजे प्लांट चालवून माल बनवणारा, काचेतून माझ्याकडे बघतोय, भरू का? मी हात केला, थांब.

मॅप्सवर तेवढ्यात एक सूचना आली, दुसरा रस्ता, वीस-बावीस मिनिटं वाचतील. आव्हाळवाडीवरून मांजरी खुर्दच्या बाजूने खराडीत उतरायचं. पूर्ण हिरवा. आमचे सुपरवायझर म्हणाले, टाक ना तिकडून, हिरवा आहे की अख्खा. साइटवरून पण तेच, त्यांच्याही हातात तोच मॅप, "मॅडम आव्हाळवाडीचा रस्ता मोकळा दिसतोय, तुम्ही गाडी का थांबवलीय?"

आता इथे थोडं सांगायला पाहिजे. हे रंग कुठून येतात? रस्त्यावर कॅमेरे बसवलेत म्हणून नाही. आपल्याच खिशातल्या फोनवरून येतात. लोकेशन चालू असलेले फोन रस्त्यावरून किती वेगाने सरकतायत ते कंपनीला कळतं आणि त्यावरून रस्ता रंगवला जातो. बर्लिनमध्ये 2020 साली एका कलाकाराने हातगाडीत 99 फोन टाकून ती रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढली होती, तर मॅपवर तो रस्ता लाल झाला. आमच्या क्यूसीवाल्या, म्हणजे मालाची क्वालिटी तपासणाऱ्या, पोराने मला तो व्हिडिओ दाखवला होता. मॅप रस्ता बघत नाही, फक्त फोन बघतो, हे तेव्हा कळलं आणि तेव्हापासून मी हिरव्याकडे जरा संशयाने बघायला शिकले. असा मुद्दाम केलेला खेळ सोडला तर लाल रंगावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो, कारण एवढे फोन एकाच जागी उगाच उभे राहत नाहीत. हिरव्याचं तसं नाही. हिरवा एवढंच सांगतो की जे फोन तिथून गेले ते पटपट गेले. कशावर बसून गेले ते सांगत नाही. आपल्याकडे टू व्हीलर किती! ॲप त्या ओळखायचा प्रयत्न करत असेलही, भारतात 2017 पासून टू व्हीलरचा वेगळा मोड पण आहे, पण अरुंद रस्त्यावर ॲक्टिव्हा जिथून सहज निघते तिथून माझा पंचवीस-तीस टनाचा भरलेला मिक्सर निघेलच असं नाही. आणि मिक्सरसाठी मोड तर नाहीच. मॅप्स जो टाइम दाखवतं तो कारचा, त्यात आम्ही आमच्या अंदाजाने वाढवून घेतो, चढ असेल तर अजून थोडा.

तर साइटवाल्यांना म्हटलं, पाच मिनिटं द्या. माझी एक रिकामी गाडी खराडीतून परत येत होती आणि नगर रोड तुंबलाय म्हणून ड्रायव्हरने आपणहून आव्हाळवाडीची बाजू धरली होती. जीपीएसवर बघितलं तर ती एका ठिकाणी थांबलेली. फोन लावला तर तो म्हणाला, "ताई, रस्ता उकरून ठेवलाय पाइपलाइनसाठी. अर्ध्यात माती टाकलीय. टू व्हीलर जातेत बघा कडंनं, रिक्षा पण जाती, पन आपली गाडी बसंना. मी रिव्हर्स मारायलोय." ही रिकामी गाडी होती. भरलेली असती तर? सैल मातीत एका बाजूचं चाक खचलं आणि ड्रममधला माल एका अंगाला फिरत असला की मिक्सर पलटायला वेळ लागत नाही. मी त्याला म्हटलं फोटो पाठव, त्याने पाठवला. खोदलेला चर, त्याच्या कडेला मातीचा ढीग आणि मधून एक बाई स्कूटीवर मागे भाजीची पिशवी बांधून जातेय. तोच फोटो साइटवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर आव्हाळवाडीचं नाव कुणी काढलं नाही.

मग खरा प्रश्न उरला तो अडकलेल्या तीन गाड्यांचा. चलनाच्या वेळा लिहून काढल्या. शेवटच्या गाडीला भरपूर वेळ होता, मधलीला बरा, मामांच्या गाडीला मात्र तास कधीच उलटून गेलेला. मे महिन्याचं ऊन, ड्रम तापलेला, अशा वेळी स्लम्प (मालाचा मऊपणा) भराभर पडतो, म्हणजे माल घट्ट होत जातो. तिघांनाही सांगितलं ड्रम सावकाश फिरता ठेवा आणि काही झालं तरी पाणी मारू नका. हे सांगावंच लागतं. ड्रायव्हरच्या हाताशी पाण्याची टाकी असते, माल घट्ट झाला की साइटवर बोलणी खायला नकोत म्हणून कुणी दोन बादल्या सोडतो, माल मऊ पडतो, पंपातून छान जातो आणि ताकद मात्र गेलेली असते. आमचे ड्रायव्हर असं करत नाहीत, पण उन्हात तासभर अडकलेल्या माणसाला आधार म्हणून तरी फोन करायचा असतो.

साइटवरच्या इंजिनिअरने पण त्या दिवशी कमाल केली. पोरगा चोवीस-पंचवीसचा असेल, पण डोकं थंड. पंप एकदम बंद केला नाही, हॉपरमध्ये, म्हणजे पंपाच्या तोंडाच्या टाकीत, होता तेवढा माल पुरवून पुरवून वापरला, थोड्या थोड्या वेळाने दोन-चार स्ट्रोक मारून पाइपातला माल हलता ठेवला, नाहीतर लाइन चोक झाली की वेगळंच दुखणं. टाकलेल्या मालाची उघडी कड त्याने प्लास्टिकने झाकून घेतली आणि कन्सल्टंटला फोन करून विचारून ठेवलं, वेळ पडलीच तर स्टॉपर, म्हणजे स्लॅब मध्येच थांबवायची आडवी फळी, कुठे लावायचा.

मी इकडे स्क्रीनला डोळे लावून. आणि या धंद्यात मी जे काही शिकलेय त्यातलं सगळ्यात उपयोगाचं मला इथे सांगायचंय, कारण हे कुणी सांगत नाही. रांग सुटते ती पुढच्या तोंडाकडून. शेपटीकडच्या गाड्या सगळ्यात शेवटी हलतात, मागे अजून नवीन गाड्या येऊन लागतच असतात, त्यामुळे अडथळा निघाला तरी मॅपवर शेपटी लालच असते, कधीकधी अजून लांबत असते. वाघोलीत बसून शेपटीकडे बघितलं तर वाटतं अजून वाढतोय जाम. म्हणून मी कायम तोंडाकडे झूम करून बघते, जिथे सुरू झालं तिथे. त्या चौकातला काळपट तुकडा लाल झाला, मग नारिंगी झाला, की समजायचं काहीतरी सुटलं.

सव्वाचार वाजून गेले होते, बायपास चौकाच्या तोंडाशी अगदी नखाएवढा नारिंगी आला. बाकी मागे वाघोलीपर्यंत सगळं काळपट. मामांना फोन केला, म्हणाले, "क्रेन आली ताई, कडंला घेत्यात त्याला." तिथेच ठरवलं. बॅचरला म्हटलं भर. सुपरवायझर म्हणाले, अगं वेडी झालीस का, मॅप बघ, एक तास दहा मिनिटं दाखवतोय. मी म्हटलं तो आत्ताचा टाइम आहे, ही गाडी भरून, धुऊन, वजन होऊन गेटबाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं जातात, तोवर मधला पट्टा सुटलेला असेल आणि ती थांबणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बॅचरला सांगितलं, ती म्हणतेय तर भर.

ती गाडी पस्तीस मिनिटांत साइटवर लागली. तिच्या मागे दुसरी भरली होतीच. सगळं मोकळं दिसल्यावर भरायला घेतलं असतं तर पंपाला अजून तास-दीड तासाचा खंड पडला असता आणि मग स्टॉपर लागलाच असता.

अडकलेल्यांपैकी मागच्या दोन गाड्या वेळेत पोहोचल्या, एकीला क्यूसीने साइटवर ॲडमिक्चरचा, म्हणजे माल परत मऊ करणाऱ्या रसायनाचा, मोजून डोस दिला, ड्रम पुरेसा फिरवला, स्लम्प परत बघितला, मग घेतली. मामांची गाडी दोन तासांच्या पुढे गेली होती. स्लम्प मोजायचा लोखंडी कोन मालाने भरला, उचलला, माल जवळजवळ तसाच उभा राहिला, जरासा बसला फक्त. तरी साइटवरचा कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता, टाका हो, व्हायब्रेटर मारून बसवू, सहा क्यूब वाया कशाला घालवता. मी आणि क्यूसीवाला दोघंही फोनवर होतो, दोघंही एकच बोललो, रिजेक्ट. पैशाचं गणित मलाही कळतं, त्या गाडीचं नुकसान आमच्या प्लांटच्या खात्यावर पडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून मीटिंग पण झाली. मी मीटिंगमध्ये चलन ठेवलं, जीपीएसचा रेकॉर्ड ठेवला, तीन ते साडेचारचे स्क्रीनशॉट ठेवले. स्क्रीनशॉट काढायची सवय या धंद्यात प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण जाम सुटला की मॅपवर त्याचं नाव-निशाण उरत नाही आणि मग कुणीही म्हणू शकतं की रस्ता तर मोकळा होता.

मामा परत प्लांटवर आले तेव्हा अंधार पडत होता. त्यांनी माल यार्डात ब्लॉकच्या साच्यांत जेवढा निघेल तेवढा ओतला, बाकीचा ड्रममध्ये चिकटू नये म्हणून पाणी मारून मारून धुतला. जेवले नव्हते दुपारपासून. कॅन्टीनमधून त्यांच्यासाठी भाकरी आणि पिठलं ठेवायला सांगितलं होतं, ते खाल्लं आणि म्हणाले, "अजून एक खेप मारतो की." मी नको म्हटलं, तरी ते गेले, शेवटची गाडी त्यांनीच नेली. स्लॅब रात्री साडेनऊच्या आत पूर्ण झाला, जॉइंट न देता.

ताकद तपासायला त्या मालाचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, भरून ठेवले होतेच, सात दिवसांचे निकाल चांगले आले, अठ्ठावीस दिवसांचे पण.

त्या साइटचा पुढचा स्लॅब लागला तेव्हा मी त्या इंजिनिअरला आधीच फोन केला. पालखी, गणपती विसर्जन, एक जानेवारीला पेरणे फाट्याची गर्दी, हे दिवस आमच्या कॅलेंडरवर आधीच खोडलेले असतात, त्याला कुठलं ॲप लागत नाही. पण कंटेनर कधी बंद पडणार हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून त्याला म्हटलं, रविवारी सकाळी सुरू कर, आणि पहिली गाडी निघायच्या आधी तुझा एक माणूस बाइकवर नाही, पिकअप घेऊन आव्हाळवाडीच्या रस्त्याने पाठव, मला कळू दे तो निघतो का. तो म्हणाला, मॅडम मी स्वतःच जातो. शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, चर बुजवलाय, पण वरची माती अजून बसलेली नाही, भरलेली गाडी तिकडून आणू नका.