तुम्ही विचारलंत म्हणून: एकीवर भागलं नसतं का?

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर तीन खुकुऱ्या, म्हणजे नेपाळी बाकदार सुरे, टांगलेल्या आहेत. नवीन माणूस आला की चहा येईपर्यंत त्याची नजर तिकडे जाते आणि ठरलेला प्रश्न येतो, "तिन्ही सारख्याच तर आहेत. एकीवर भागलं नसतं का?" मागच्या दिवाळीत आमच्या साडूंनी त्यात भर घातली, "तीन घेतल्या की तिकडे स्वस्त पडतात का?" तेव्हा हसण्यावारी नेलं. आज नीट सांगतो.

आधी तो रक्ताचा विषय मिटवू, कारण दुसरा प्रश्न हमखास तोच असतो. म्यानातून काढलेली खुकुरी रक्त पाजल्याशिवाय परत ठेवत नाहीत म्हणे. मी पूर्व नेपाळात तीन वर्षं काढली. तिथं खुकुरीनं सरपण फोडतात, बांबू तासतात, बकरं कापतात आणि इस्कुस चिरतात. इस्कुस म्हणजे एक फळभाजी, आपण जिला चायोटे म्हणून दुप्पट पैसे देतो ती. दिवसातून पन्नास वेळा बाहेर येणाऱ्या हत्याराला रोज रक्त कुठून आणायचं?

मी गेलो होतो संखुवासभा जिल्ह्यात, अरुण-3 जलविद्युत प्रकल्पावर. 900 मेगावॅटचं काम, त्यात माझ्याकडे बोगद्याची आखणी. मोजमाप हा माझा धंदा. पण आजोबा वाळवा तालुक्यातले लोहार. लहानपणी भाता मीच ओढायचो. ऊसतोडीच्या हंगामाआधी त्यांच्याकडे कोयत्यांची रांग लागायची, आणि फडात पडलेला कोयता उचलून माणसं सांगायची, हा अमक्या लोहाराचा. त्यामुळे खांदबारीत, म्हणजे त्या जिल्ह्याच्या गावी, पहिल्यांदा घणाचा आवाज ऐकला तेव्हा पाय आपोआप तिकडे वळले.

तिथंच पहिली फजिती झाली. चहाच्या टपरीवरच्या दिदींनी हात करून सांगितलं, "आरन उता छ." मला वाटलं, ऐरण तिकडे आहे. मी आत जाऊन ऐरणीचं कौतुक करायला लागलो. ऐरण म्हणजे लाकडाच्या ओंडक्यात बसवलेला रुळाचा तुकडा. आतले दाइ (नेपाळीत थोरला भाऊ, तिथले लोहार) माझ्याकडे बघत राहिले. नेपाळीत आरन म्हणजे अख्खी लोहारसाळ, हे मला दोन दिवसांनी कळलं.

या दाइंकडून मी खुकुरी करून घेतली. त्याआधी अरुण नदी ओलांडून भोजपूरला गेलो होतो, तेव्हा तिथली एक घेतली होती. भोजपूरचं नाव खुकुरीसाठी मोठं आहे. तिसरी धरानची, परतीच्या वाटेवरची. तिन्ही ठिकाणी मी एकच मागणी केली होती : पातं दहा इंची, साधं, घरकामाचं. तिन्ही ठिकाणी कच्चा माल एकच, ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. आता भिंतीवरून काढून टेबलावर ठेवतो, बघा.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर भोजपूरची 780 ग्रॅम भरते, धरानची 690, खांदबारीची 610. भोजपूरचं पोट (तिकडे त्याला भुंडी म्हणतात) चांगलं सुटलेलं आहे, मूठ धरली की वजन पुढं ओढतं. खांदबारीची अंगानं सडसडीत. अशा बारीक पात्याला बाजारात सिरुपाते म्हणतात, सिरु नावाच्या गवताच्या पात्यावरून. पण दाइंना मी "सिरुपाते का?" विचारलं, तर ते म्हणाले, खुकुरी हो, खुकुरी. ही नावं विकणाऱ्याच्या जास्त कामाची. भोजपूरच्याच दोन शेजारी आरनांतल्या खुकुऱ्या मी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. दोन्ही भोजपुरेच, पण एकीचा बाक मुठीपासून जेमतेम चार बोटांवर सुरू होतो आणि दुसरीचा पार पुढं.

हा बाक एकसारखा का येत नाही, ते सांगतो. मला स्वतःला यातच सगळ्यात जास्त गंमत वाटते.

लाल झालेल्या पोलादाची एक कड ठोकून पातळ केली की ती कड पसरते, लांबते. पाठीकडचा जाड भाग होता तेवढाच राहतो. मग पातं आपोआप पाठीकडे कलायला लागतं. साध्या सुरीत हे चालून जातं. खुकुरीत धार बाकाच्या आतल्या अंगाला असते, आपल्या विळ्यासारखी. म्हणजे धार पातळ करायला घातलेला प्रत्येक घाव बाक उलगडत नेतो. म्हणून लोहार पातं आधी गरजेपेक्षा जास्त वाकवून ठेवतो आणि मग धारेकडून ठोकत ठोकत हव्या त्या बाकावर आणून सोडतो. किती जास्त वाकवायचं, हे पाट्याच्या जाडीवर, भट्टीच्या तावावर आणि घण मारणारा किती जोरात मारतो त्यावर ठरतं. खांदबारीच्या दाइंनी पहिल्या तावात पातं इतकं वाकवलं, की मला वाटलं हे बिघडलं. ते पार आकड्यासारखं दिसत होतं. पुढच्या सात-आठ तावांत ते हळूहळू उघडत आलं. दाइ लहान हातोडीनं जागा दाखवायचे, टक्, आणि समोरचा भाचा त्याच जागी घण घालायचा. आमच्याकडेही असंच. आजोबांची हातोडी बोलायची आणि काका मारायचे. शेवटी दाइंनी पातं डोळ्यासमोर धरलं, पाठीवरून नजर फिरवली आणि बाजूला ठेवलं. नमुना नाही, पत्र्याचा साचा नाही, खडूची रेघ नाही.

मी खिशातून टेप काढला. सवय. पातं साडेनऊ इंच भरलं. म्हटलं, दाइ, दहा सांगितलं होतं. त्यांनी पंजा ताणून पात्यावर ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत आणि वर दोन बोटं. "ठीक छ," म्हणाले. त्यांच्या विती-बोटांत दहा इंच बरोबर बसले होते. माझी वीत त्यांच्यापेक्षा मोठी आहे, यात त्यांचा काय दोष? पण मुठीच्या वेळी त्यांनी माझाच हात मागून घेतला. तळवा दाबून पाहिला, चार बोटं मिटायला लावली आणि शिसवीच्या तुकड्यावर नखानं दोन खुणा केल्या. ती मूठ आमच्या साडूंच्या हातात बसत नाही. माझ्या हातात बसते.

मग पाणी. आपण हत्याराला पाणी पाजणं म्हणतो, तिकडे त्याला पाइन म्हणतात. आजोबा कोयता लाल करून दगडी डोणीत बुडवायचे. खुकुरी बुडवत नाहीत. नळीची किटली घेतात, चहाची असते तशी, आणि तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर पाण्याची बारीक धार सोडतात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ नरम राहते. सरपणाच्या गाठीत अडकून पिळवटली तरी पातं मोडत नाही. भोजपूरच्या कारागिरांनी पाणी पोटावरच दोन-तीनदा फिरवलं होतं, टोकाकडे नुसतं शिंपडल्यासारखं. दाइंनी मात्र पोटापासून टोकापर्यंत एका ओघात नेलं, मग थांबून पोलादाचा रंग परतताना बघत राहिले आणि पुन्हा थोडं सोडलं. घरी आल्यावर मी तिन्हींच्या धारेवर कानस फिरवून पाहिली. कानस घसरली की पोलाद कडक, चावली की नरम. भोजपूरच्या पोटावर ती काचेवरून घसरावी तशी घसरते आणि टोकाशी चावते. दाइंच्या पात्यावर शेवटच्या दोन बोटांपर्यंत घसरते. तोडायला पोट लागतं, सोलायला-टोचायला टोक. कोणाच्या मनात कुठलं काम होतं ते कानशीला कळतं.

मुठीजवळ धारेत जी खाच असते, तिला तिकडे कौडी म्हणतात. ती कशासाठी, याची उत्तरं ऐकावीत तेवढी थोडी : गाईचं खूर, शंकराचा त्रिशूळ, रक्त मुठीवर ओघळू नये म्हणून. भोजपूरच्या कारागिरांना विचारलं तर म्हणाले, बाबा अशीच काढायचे. मला हे उत्तर सगळ्यात पटलं. पण गावातली माणसं आरन ओळखतात ती याच खाचेवरून. दाइंच्या कौडीचा मधला दात किंचित डावीकडे झुकलेला आहे. मी तो दोष समजलो होतो. मग टपरीवाल्या दिदींच्या खुकुरीवर तसाच दात दिसला, प्रकल्पावरच्या एका मजुराच्या खुकुरीवरही. कानस धरायची त्यांची तऱ्हाच तशी. उजवं मनगट त्यांचं कधीतरी दुखावलेलं आहे.

धरानचं वेगळं. धरानला ब्रिटिशांची गुरखा भरतीची छावणी होती, तिच्या जागेवर आता बी. पी. कोइरालांच्या नावाचं मोठं रुग्णालय आहे. पलटणीतली माणसं जाता-येता खुकुरी घ्यायची, तेव्हा तिथं धंदा वाढला. मी गेलो त्या जागी एकजण ठोकत होता, दुसरा मुठी बसवत होता, तिसरा चाकावर चकाकी आणत होता. माझ्या तीन खुकुऱ्यांत तोंड दिसेल अशी हीच. टेपनं मोजली तर बरोबर दहा इंच. बिनचूक आहे, आणि खरं सांगायचं तर ती मला कधी फार आवडली नाही. पण त्या पोरांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पलटणीला शंभर खुकुऱ्या हव्या असतील तर शंभर सारख्याच लागणार, आणि नमुना समोर ठेवून तसंच्या तसं ठोकणं हेही हातचं काम आहे. मुठीखालच्या पितळी पट्ट्याचा सांधा इतका बारीक आहे, की नख अडकत नाही. भोजपूरच्या मुठीचा सांधा लाखेनं लिंपलेला आहे, आमच्याकडच्या मे महिन्यात ती लाख मऊ होते आणि मूठ डुगडुगते.

डोंगरातले दाइ आणि धरानची पोरं यांच्यातला फरक मला हिशोबात दिसतो. खांदबारीच्या आसपास जुन्या घरांशी दाइंचा व्यवहार अजून थोडाफार धान्यावर चालतो. वर्षभर विळे-कुदळी-खुकुऱ्या दुरुस्त करायच्या आणि पीक निघालं की प्रत्येक घरानं धान्य घालायचं. त्याला बाली म्हणतात. दाइ सांगत होते तेव्हा मी मनात "बलुतं" म्हणत होतो. ज्या घराला खुकुरी दिली, त्याच घरची धार पुढची वीस वर्षं लावायची असते. त्या घरचा म्हातारा डावखुरा आहे, सुनेला हलकी लागते, हे माहीत असतं. धरानच्या दुकानात खुकुरी कोण नेणार हे ठोकणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दसैंत, म्हणजे तिकडच्या दसऱ्यात, घरमालकांनी खुकुरीची पूजा केली. अक्षता, फुलं, टिका, आपल्या खंडेनवमीसारखंच सगळं. त्याच सकाळी ती खुकुरी धार लावून घेऊन आलेले दाइ अंगणातच थांबले. चहा तिथंच प्यायले, कप स्वतः विसळून पालथा ठेवला. नेपाळात लोहारकाम करणारे कामी अस्पृश्य मानले गेले. कायद्यानं ते 1963 साली संपलं, 2011 साली तर त्यासाठी शिक्षेचा वेगळा कायदा आला. आमचे आजोबा लोहारच, पण बलुतेदार. ते सोप्यात पाटावर बसायचे. आमच्या गावात अंगणात कोण थांबायचं, हेही मला माहीत आहे. त्यामुळे मी तेव्हा काही बोललो नाही. कप मात्र अजून डोळ्यासमोर आहे.

काठमांडूला छाउनीच्या राष्ट्रीय संग्रहालयात द्रव्य शाहांची म्हणून एक खुकुरी दाखवतात. द्रव्य शाह म्हणजे 1559 साली गोरखा राज्य हाती घेणारे. मी काचेला नाक लावून कौडीच पाहत राहिलो. रखवालदारानं दोनदा मागं सरायला सांगितलं.

तर साडूंच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, तीन घेतल्या म्हणून स्वस्त पडल्या नाहीत. दाइंनी तर पैसे कमीच सांगितले होते, मीच जास्त दिले, तेव्हा त्यांनी वर एक कर्द आणि चकमक दिली. म्यानाच्या मागं खोचलेल्या या दोन छोट्या सुऱ्या. आपली चकमक म्हणजे गारगोटी, तिकडची चकमक म्हणजे बोथट पोलादी सुरी, गारगोटीवर मारायची किंवा धार बसवायची. बायको त्या कर्दीनं लसूण सोलते. नारळ मी दाइंच्याच खुकुरीनं फोडतो, लाकूड भोजपूरच्या. धरानची पाहुण्यांच्या हातात देतो, कारण सगळ्यांना चकचकीतच हवी असते.

आता तुम्ही हात पुढे केलाच आहे तर घ्या. पण म्यान असं मुठीत आवळून धरू नका. पाठीकडून धरा, बोटं धारेच्या बाजूला येता कामा नयेत. पातं बाकदार असतं, ओढताना म्यानाच्या शिवणीतून बाहेर येऊ शकतं. ही अंगठ्याखालची रेघ बघा. पाच टाके पडलेत, आणि तेव्हा मी खुकुरी फक्त साडूंना दाखवत होतो.