जेजुरीचा दसरा रेल्वेने: पहाटेच्या गाडीवर विसंबू नका

पहाटेची पुण्याकडची गाडी भोंगा देऊन सुटली तेव्हा मी रमण्यातून, म्हणजे गडामागच्या दरीतून, वर येणाऱ्या चढणीवर एका दगडावर टेकून तळव्यातला काटा काढत होतो. पायात बूट नव्हते, बॅटरीने मान टाकली होती आणि चंद्र केव्हाच मावळला होता. ज्याच्या भरवशावर आलो तो मित्र त्या वेळी घरी पांघरूण ओढून झोपला असणार. त्याने सांगितलं होतं, "बाराला देवभेट, एकला तू मोकळा. स्टेशनवर जरा लवंड आणि पहाटेची गाडी धर." हा गृहस्थ लग्नानंतर जोडीने जेजुरीला गेला होता, बायकोला उचलून पाच पायऱ्या चढला होता, आणि त्याचा जेजुरीचा अनुभव तिथेच संपला होता. दसऱ्याला तो कधीच गेलेला नाही. हे मला नंतर कळलं.

यंदा श्रावण ते आश्विन अशा तीन अचाट ठिकाणी गेलो, तिन्ही वेळा रेल्वेने. बोरीचा बार, पांढुर्ण्याची गोटमार आणि जेजुरीचा मर्दानी दसरा. चालायची सवय आहे, पाठीवर पिशवी घेऊन रात्र काढता येते, जनरलच्या डब्यात उभं राहता येतं, असं धरूनच पुढचं लिहितो. ते जमत नसेल तर चारचाकी करून जा, पण मग गर्दीत गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून तक्रार करू नका.

आधी बोरी. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. हातवारे करून, पदर खोचून, मनापासून. बार घातला नाही तर पाऊस रुसतो, अशी श्रद्धा. रेल्वेने जायचं तर पुणे-मिरज मार्गावर लोणंदला उतरायचं आणि पुढचे काही किलोमीटर मिळेल त्या वाहनाने काटायचे. आमची गाडी क्रॉसिंगसाठी थांबत थांबत पाऊण तास उशिरा पोचली. लोणंदला जीपवाल्याने माणशी जे मागितलं ते मी एरवी लोणंद ते पुणे जनरलला देत नाही. ओढ्यावर पोचलो तोवर रंग उतरत आला होता. बार काही दिवसभर चालत नाही हो, अर्ध्या तासात आटोपतो. महिला पोलिसांनी बायकोला पुढे सोडलं, मला बाप्यांच्या घोळक्यात मागे ढकललं. तिने शेवटची पाचसात मिनिटं पाहिली, मी पाठी पाहिल्या. घरी परतेपर्यंत ती मला ऐकलेल्या शिव्या सांगत होती, काही नवीन होत्या. निकाल: जायचं तर आदल्या रात्री लोणंद गाठा. त्या दिवशी सकाळी गाडीत बसून दुपारचा बार गाठायच्या भानगडीत पडू नका. आणि मोबाइल समोर धरून बायकांचं चित्रण करत उभे राहू नका, ओढ्याचा रोख तुमच्याकडे वळतो.

गोटमारीला जाऊ नका. इतकंच लिहून सोडलं असतं, पण मामेभावासारखे लोक असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. तो ज्या गावाला मिळेल ते जिंकलं. दोन गावांच्या प्रेमिकांची दंतकथा त्यामागे सांगतात. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी दगडच उचलले. रेल्वेने जाणं मात्र अगदी सोपं. नागपूर-इटारसी मार्गावर नरखेडच्या पुढे पांढुर्णा, स्टेशन गावालाच लागून. सोपं आहे हीच अडचण. मामेभाऊ म्हणाला, गच्चीवरून बघायचं, काही होत नाही. गच्चीवर दहा मिनिटं झाली असतील, गोफणीतून सुटलेला एक गोटा शेजारच्या पाण्याच्या टाकीवर आदळला. मी जिना उतरून थेट स्टेशन गाठलं. दर वर्षी तिथे शेकड्यांनी माणसं जखमी होतात आणि आजवर जीवही गेले आहेत. त्यात बघण्यासारखं काय आहे हे मला कळलं नाही.

आता जेजुरी.

जाताना काही सांगण्यासारखं घडलं नाही. शिंदवण्याचा घाट हिरवा होता, खिडकी मिळाली, पुढच्या बाकावरच्या मावशींनी आपट्याची पानं दिली. या मार्गावरच्या सगळ्या एक्सप्रेस जेजुरीला थांबत नाहीत, एवढं मात्र तिकीट काढण्याआधी बघा. परतीचं जनरल तिकीट मोबाइलवर काढायची तयारी ठेवा, कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खिडकीपुढची रांग फलाटापर्यंत येते. स्टेशनबाहेर रिक्षावाले गडाच्या पायथ्याचे दोनशे म्हणाले. चालत जा, ऊन उतरल्यावर ते चालणं काहीच नाही.

पायथ्याला पहिला सापळा आहे. पूजेच्या सामानाचा दुकानदार हाक मारतो, "या पावणं, चपला हितं ठिवा, पैसं न्हाईत." पैसे नाहीत हे खरं, पण चपला ठेवल्यावर भंडारा-खोबऱ्याचं ताट त्याच्याकडूनच घ्यावं लागतं आणि त्या ताटाला जो भाव लागतो त्यात खोबऱ्याची अख्खी वाटी यायला हवी. तेही एक वेळ चाललं असतं. देवाचं काम, घासाघीस कोण करत बसणार. खरी गोम पुढे आहे आणि ती मला कोणीच सांगितली नव्हती: पालखी ज्या पायऱ्यांनी तुम्ही चढलात त्या पायऱ्यांनी रमण्यात जात नाही. संध्याकाळी बंदुकीच्या फैरी झडतात, पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते, भंडाऱ्याचा असा लोट उठतो की शेजारचा माणूस दिसत नाही, आणि त्या भरात तुम्ही "सदानंदाचा येळकोट" करत तिच्यामागे गडाच्या पल्याडच्या अंगाने डोंगर उतरायला लागता. बूट राहतात पुढच्या पायथ्याला. तुम्ही अनवाणी मागच्या उतारावर. मध्ये अख्खा गड.

बूट कापडी पिशवीत घालून पाठीवर घ्या. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तो उतार. गड आणि कडेपठार (डोंगरावरचं खंडोबाचं जुनं ठाणं) यांच्या मधल्या दरीत रमणा आहे. तिथे जेजुरी गडाची पालखी आणि कडेपठारची पालखी समोरासमोर येतात, तीच देवभेट. अंतर म्हणाल तर दिवसा, बूट घालून, गप्पा मारत उतराल. रात्री, गर्दीत, पावसाळ्याने मुरूम सैल केलेला असताना ती वेगळीच वस्तू आहे. पाऊल ठेवावं तर दगड हलतो, दगड चुकवावा तर करवंदीची जाळी. खांद्यावर पालखी घेऊन खांदेकरी तिथे कसे उतरतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मला सांगता येणार नाही. पालखी पुढे नेणारे आणि मागून ओढून धरणारे, एकमेकांना आवाज देत, एकेक पाऊल. पालखी थांबली की मागची गर्दी तुमच्या पाठीवर येते. माझा डावा गुडघा पहिल्या तासातच बोलायला लागला.

वेळेचं म्हणाल तर बारा वाजता तिथे काहीही नव्हतं. साडेबाराला शेजारी घोंगडी टाकून बसलेल्या आजोबांना विचारलं, "बाबा, भेट कधी?" ते म्हणाले, "आत्ता कुटं? देव निवांत येतो. तू गाडीनं आलास व्हय?" आणि हसले. दोनच्या पुढे समोरच्या अंगाला दारूकाम सुरू झालं, मग इकडून उत्तर. आकाश लाल-पिवळं, दरीत आवाज घुमतोय, आरशातून देवाला देव दाखवतात तो क्षण आला म्हणून सगळे टाचा उंचावताहेत. मला पुढच्या माणसाच्या फेट्यापलीकडे काही दिसलं नाही. पण अंगावर काटा आला, हे कबूल.

आणि मग अंधार. मित्राने असंही सांगितलं होतं, "दसऱ्याचं चांदणं असतं, बॅटरी कशाला?" दशमीचा चंद्र रात्री दीड-दोनच्या सुमारास मावळतो. म्हणजे जाताना चांदणं आणि परत येताना मिट्ट काळोख. पंचांग घरात टांगलेलं असून हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी नेलेली बॅटरी किल्लीला अडकवायची, उतरतानाच वापरून संपली. कपाळाला बांधायची बॅटरी न्या, हात मोकळे लागतात.

तुमची चाळिशी उलटली असेल तर या उताराच्या वाटेला जाऊ नका. पालखी निघाली की नमस्कार करा, पुढच्या पायऱ्यांनी खाली या, बूट घाला आणि गावातून वळसा घालून रमण्याकडे जा. उजेड असतानाच निघालात तर बसायला बरी जागाही मिळेल. पालखीच्या मागे जाण्यात काही जास्तीचं पुण्य असेल तर ते माझ्या गुडघ्यात जमा झालेलं आहे.

भंडाऱ्याबद्दल. चांगली हळद डोळ्यात गेली तर चुरचुरते आणि निवते. स्वस्तातली पिवळी पूड घशात बसते आणि दोन दिवस खोकल्यातून निघते. चष्मा असेल तर चांगलं, लेन्स लावून जाऊ नका. पांढरा सदरा घालून गेलात तर तो सदरा आता दसऱ्याचा झाला असं समजा. गडाच्या पायऱ्या दगडी, वर भंडारा आणि दव, पहाटे त्यावर पाय सटकतो. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत.

तर गाडी गेली. दगडावर बसून मी मित्राला उद्देशून बोरीच्या ओढ्यावरची एक म्हणून घेतली, तेवढ्यात मागून येणारा एक पोरगा म्हणाला, "काका, गाडी गेली तर जाऊ द्या की. खंडा बघायचा न्हाई का?" मला वाटत होतं खंडा, म्हणजे खंडोबाची जड तलवार, तोलायची स्पर्धा आदल्या संध्याकाळीच झाली आणि मी गर्दीत चुकवली. स्पर्धा सकाळी असते! पालखी गावातून फिरून गडावर परत येते, मानकरी-सेवेकऱ्यांना रोजमुरा, म्हणजे सेवेचा मोबदला, वाटतात आणि त्यानंतर खंडा बाहेर काढतात. म्हणजे पहाटेची गाडी पकडणारा माणूस मर्दानी दसऱ्यातला मर्दानी भाग न बघताच घरी जातो.

पुन्हा गड चढलो. चारशेच्या आतबाहेर पायऱ्या, अनवाणी, रात्रभर जागून. ओवरीत भिंतीला पाठ टेकली आणि बसल्या बसल्या डोळा लागला. हलगीने जाग आली.

खंडा म्हणजे सुमारे ४२ किलोची तलवार. पेशवाईतल्या पानसे सरदारांनी खंडोबाला वाहिलेली. सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते, म्हणजे हा आकडा काही अचाट वाटत नाही. पण गोणी छातीशी धरता येते. खंड्याची मूठ एका हातात धरायची आणि तो हात ताणून ठेवायचा, तेव्हा सगळं वजन मुठीच्या पुढे लोंबतं. दंडाआधी मनगट दगा देतं. जास्तीत जास्त वेळ तोलून धरेल तो एका प्रकारातला विजेता, दुसरा प्रकार कसरतीचा. एक जण आला, अंगाने माझ्यापेक्षा बारीक, त्याने खंडा उचलला आणि दातात धरला. दातात! मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. गर्दीने श्वास धरला आणि मग असा येळकोट झाला की देवळावरची कबुतरं उठली. तोलून धरणाऱ्यांचे हात थरथरायला लागले की लोक मिनिटं मोजतात, आपला हातही आपोआप आवळला जातो. माझ्या मागे एक आजी नुसत्या "धर रं, धर रं माझ्या लेकरा" करत होत्या, कुणाचं लेकरू कोण जाणे.

स्पर्धा बघायची तर सूर्य वर यायच्या आत देवळासमोरच्या कासवाच्या आसपास किंवा ओवरीच्या कडेला जागा धरा, नंतर फक्त आवाज ऐकू येतो. रात्रभर जागायचं नसेल तर रमणा सोडून द्या, जेजुरीत मुक्काम करा आणि सकाळी फक्त खंड्याला वर या. मी वर चाळिशीचं जे लिहिलंय ते रात्रीच्या गुडघ्याने लिहिलंय. सकाळी आठ वाजता मला विचारलं असतं तर म्हणालो असतो, उतरा रमण्यात, काही होत नाही.

परतीला दुपारची गाडी धरा, पहाटेची नको आणि स्पर्धा संपल्यावरची पहिलीही नको, कारण तिच्यात अख्खा गड चढतो. मध्ये दोन घास खा, कुठेतरी आडवे व्हा. मी तेही केलं नाही. पायथ्याला उतरलो तर दुकान बंद, फळ्या लावलेल्या. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, मालक रात्रभर जागलाय, अकराला उघडेल. साडेअकराला उघडलं. बूट पोत्याखालून निघाले, आत बोटभर भंडारा. मालक म्हणाला, "पावणं, आजच्या दिसाचं ताट?"