निगीनवरचं वाळवण

पहिल्या दोन रात्री आम्ही श्रीनगरच्या दल सरोवरात, बुलेवार्ड रस्त्यासमोरच्या हाऊसबोटीत काढल्या, त्या काढायला नको होत्या. रात्री उशिरापर्यंत गाड्यांचे हॉर्न, आणि शिकाऱ्यात बसलं की पाच मिनिटांत दुसरी नाव येऊन चिकटायची. केशर घ्या, शाल घ्या, फोटो काढा. पोटाचा प्रश्न असतो हे कळतं. पण आई बहात्तर वर्षांची, तिला चार दिवस शांत पाण्याजवळ बसायचं होतं, आणि बुकिंग करून देणाऱ्याने तेच कबूल केलं होतं. मी भांडले. पैसे परत मिळाले नाहीत. तिसऱ्या दिवशी बॅगा उचलून निगीन सरोवरावर आलो आणि राहिलेले सहा दिवस तिथेच राहिलो. मधे एक दिवस गुलमर्गला जाऊन आलो.

निगीन अरुंद पाणवाटेने दललाच जोडलेलं आहे, पण इथे सकाळी फक्त वल्ह्याचा आवाज येतो. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. काश्मिरीत या ऋतूला हरुद म्हणतात. चिनार अजून हिरवे होते, फक्त पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. कमळं केव्हाच संपली होती. त्यांची पानं तपकिरी होऊन, कडा वर वळून पाण्यावर पडलेली. मला वाटलं, आपण उशिरा आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाजीबाजाराला गेले. दलच्या आतल्या भागात अंधारातच नावा जमतात. थंडी बोटांना झोंबत होती. शेतकरी नावेच्या टोकाला उकिडवे बसलेले, हातात पिंपळपानासारखं वल्हं, फेरनच्या, म्हणजे सैल लोकरी झग्याच्या, आत कांगडी, निखाऱ्यांची छोटी शेगडी. नावेत हाखची पालेभाजी, मुळे, शलगम, दुधी. आणि नदरू, म्हणजे आपली कमळकाकडी, चिखलासकट. तेव्हा कळलं की फुलं संपली म्हणजे कमळ संपत नाही, आता खालचं काढायचे दिवस असतात. लांब काठीला आकडा लावून तळातून ओढून काढतात. पाण्यातलं गवतही काठीला पिळून गुंडाळून वर घेतात, ते गुरांना जातं आणि तरंगत्या वाफ्यांवर पसरतात. आपण ज्याला तलाव म्हणून बघायला येतो, ते त्यांचं वावर आहे.

परत आले तर आई खोलीत नाही. हाऊसबोटीच्या मागे, मालकांच्या घरच्या नावेत, आजींसमोर मांडी घालून बसलेली. दोघींच्या मधे दुधीचा ढीग.

आजींना फक्त काश्मिरी येत होतं. आईचं हिंदी बाजारापुरतं. आजी दुधी सोलायच्या, लांब पट्ट्या कापायच्या आणि दोरीवर टाकायच्या. आईने पहिली पट्टी फार पातळ कापली, तशी आजींनी तिचा हात धरून सुरी थोडी आत सरकवली. मग आईची लय लागली. दोरीवर आधीच वांगी आणि टोमॅटो होते, कातडी सुरकुतलेले. सून म्हणाली, ‘‘बर्फ पडला की जम्मूचा रस्ता बंद होतो, मग हेच.’’ २१ डिसेंबरपासून चिल्लई कलान, चाळीस दिवसांची कडक थंडी. वाळवलेल्या दुधीला ते अल हच्ची म्हणतात.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘अगं, ही तर आगोट आहे.’’

आमचं घर गुहागरचं. तिथे वैशाखात आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, अंगणभर सांडगे, कुरडया, आमसुलं, सुकी मासळी. पाऊस लागला की बाजार दूर आणि होड्या किनाऱ्यावर झापांनी शाकारलेल्या, मग चार महिने डब्यातलं खायचं. मी पुण्यात गेल्यावर ते सगळं सुटलं. आईचंही सुटलं, गुडघ्यांमुळे आणि खाणारं कोणी नाही म्हणून. वाळवणाला हात लावताना तिला मी वीसेक वर्षांनी पाहत होते. त्यानंतर चार दिवस ती शिकाऱ्यात बसली नाही. मी आग्रह केला नाही. मी एकटीच नाव घेऊन हिंडायचे आणि परत येताना दुरूनच दोरी दिसायची, रोज थोडी आणखी भरलेली.

काश्मीरला जाणाऱ्या मैत्रिणींना मी आता काय सांगू, मलाच नीट कळत नाही. बागा बघा, हे तर सगळेच सांगतात.

निघताना आजींनी कागदात गुंडाळून एक मूठ अल हच्ची दिली. आईने परवा ती गरम पाण्यात भिजवून डाळीत घातली. चव आपल्या दुधीची नाही, जरा चिवट आणि धुरकट. जेवताना तिने मला फोनवर श्रीनगरचं तापमान बघायला लावलं. उणे चार होतं.

‘‘मग त्यांनीही आज काढली असेल,’’ ती म्हणाली, आणि पुन्हा वाढून घेतलं.