गुजरीतला टाकणखार आणि फ्रेमची काच

भट्टीत काचेचे थर एकमेकांवर वितळवून मी पेंडंट बनवतो. सध्या परदेशी रंगीत काचेला हात लावत नाहीये. सगळी पेंडंट फोटो फ्रेमच्या साध्या काचेची चाललीत. फ्रेमवाल्याकडं कापून उरलेल्या पट्ट्या किरकोळ पैशांत मिळतात. "एवढ्याशा तुकड्यांचं काय करतायसा?" असं तो दर वेळी विचारतो. एक पेंडंट त्याच्या गल्ल्यावर टांगलंय, तरी विचारतोच.

ही काच २ मिमी जाडीची. पूर्ण वितळलेली काच पृष्ठताणामुळं साधारण ६ मिमी जाडीवर यायला बघते. त्यामुळं दोनच थर ठेवले तर कडा आत ओढल्या जातात आणि चौकोन कमरेत बसतो. तीन थर लावले की मापात राहतो. तोटा एवढाच, की हवा अडकायला दोन सांधे होतात. म्हणून ६६० अंशांच्या आसपास अर्धा तास थांबवतो. काच तिथं नरम होऊन आपल्या वजनानं बसते आणि कडा बंद व्हायच्या आत हवा निघून जाते.

खरी डोकेदुखी धुरकटपणाची. खिडकीची किंवा फ्रेमची काच ७०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळली, की पृष्ठभागावर स्फटिक धरायला लागतात आणि थंड झाल्यावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर दिसतो. फ्यूजिंगसाठी, म्हणजे असे थर वितळवून जोडण्यासाठी, मुद्दाम बनवलेल्या काचेत हा त्रास बराच कमी असतो. धुळीचा कण, बोटाचा तेलकट ठसा, ग्राइंडरवर घासून नीट न धुतलेली कड, अशा ठिकाणी तो हमखास सुरू होतो. नुसत्या स्वच्छतेनं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं टाकणखारानं, म्हणजे बोरॅक्सनं.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनार डाग देताना (दागिन्याचा सांधा जोडताना) वापरतात तोच हा. चिमूटभर टाकणखार गरम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचा, गाळायचा आणि मऊ ब्रशनं वरच्या काचेवर अगदी पातळ हात द्यायचा. पूर्ण वाळल्याशिवाय भट्टीत ठेवायचं नाही. काचेची वरची कातडी त्यानं थोडी आधी वितळते आणि चकचकीत राहते. जाड थर दिला तर मात्र फेसाळ डाग पडतात. धुरकटपणा रोखायला बाजारात मिळणाऱ्या तयार फवाऱ्यापेक्षा मला तरी यात काही कमी वाटत नाही, आणि किमतीचं तर बोलायलाच नको.

दुसरी गोष्ट टिनच्या, म्हणजे कथिलाच्या, बाजूची. फ्रेमची काच ही फ्लोट काच. ती वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होते, त्यामुळं तिच्या एका बाजूला कथिलाचा अंश राहतो. ही बाजू वर आली तर कधीकधी बर्फासारखी झाक येते. २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली ती दुधी चमकते. तो दिवा डोळ्यांना वाईट, चष्मा लावूनच बघा. ओळखली की मी ती खाली ठेवतो.

भट्टीचा आत्ताचा प्रोग्रॅम असा: ताशी २५० अंशांनी ६६० पर्यंत, अर्धा तास थांबा, मग जमेल तेवढ्या वेगानं ८३०, तिथं १० मिनिटं. नंतर झाकण न उघडता ५५० पर्यंत उतरू द्यायचं, अर्धा तास थांबायचं, ताशी ८० नं ३७० आणि मग बंद. एवढ्याशा पेंडंटला याहून लांब अ‍ॅनिलिंगची (काचेतला ताण जायला हळूहळू थंड करण्याची) गरज नाही. तुमचा थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारा सेन्सर) वेगळ्या जागी असेल तर ८३० चा आकडा दहा-पंधरा अंश इकडंतिकडं होणारच.

रंगासाठी मोटार रिवायंडिंगवाल्याकडची बारीक तांब्याची तार. तारेवरचं एनॅमलचं आवरण जाळून, घासून, हातोडीनं चपटी करून थरांमध्ये ठेवली की ती लालसर-मरून उतरते. कडेला उघडं राहिलेलं टोक मात्र काळं पडतं. तांब्याचा अगदी पातळ वर्ख वापरला, तर जिथं तो काचेत विरघळतो तिथं निळसर-हिरवी छटा येते.

फुटक्या बांगड्यांचे तुकडे वर चिकटवायचा मोह सगळ्यांनाच होतो. फ्रेमच्या काचेशी त्यांचं प्रसरण जुळेलच असं नाही, आणि पेंडंट महिन्याभरानं गळ्यात असताना तडकू शकतं. तपासणी सोपी आहे. लॅपटॉपचा स्क्रीन पांढरा करा, समोर पोलराइज्ड गॉगल धरून स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवा, मग मधे पेंडंट धरा. बांगडीच्या तुकड्याभोवती उजेडाचं कडं दिसलं, तर ताण आहे. लाखेच्या किंवा प्लास्टिकच्या बांगड्या भट्टीत घालू नका, हे सांगायला नको.

आता साखळीच्या भोकाचं बघतोय. थरांमध्ये सिरॅमिक फायबर पेपरची (भट्टीत न जळणाऱ्या कागदाची) पट्टी ठेवून भोक राखायचं आणि नंतर पट्टी ओली करून, मास्क लावून कोरून काढायची. जमलं तर चांदीकामाच्या हुपरी गावाहून चांदीच्या कड्या आणणार. तीन थरांत पट्टी खालच्या सांध्यात ठेवावी की वरच्या, हे कुणी करून बघितलं असेल तर सांगा.